वर कोण आहे?

त्या दिवशी मी ऑफिसला गेलो तो हेडफोनच्या गाद्या बदलायला. एवढंच काम. गाद्या फाटल्या की त्यांचे काळे कपटे कानाला चिकटतात, आणि दिवसभर तेच घालून बसणाऱ्या माणसाचं डोकं उठतं. सुट्टी होती. म्हटलं, कुणी नसेल, निवांत होईल. बायकोला सांगून निघालो, "जेवायच्या आत येतो."

तुम्ही म्हणताय सगळं सविस्तर सांगा, तर सांगतो. फक्त तो दिवा तेवढा राहू द्या. अंधाराचं मला काही वाटत नव्हतं पूर्वी. माझं अर्धं आयुष्य बिनखिडक्यांच्या खोल्यांत गेलंय.

मी आवाजाचं काम करायचो. आमची कंपनी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायची, जुन्या काळच्या लढायांचे. खेळणारा म्हणजे राजा. त्यानं फौज उभी करायची, रसद भरायची, डोंगर-नद्या ओलांडायच्या आणि दुसऱ्याचा किल्ला घ्यायचा. त्यातल्या टापा माझ्या, तलवारी माझ्या, रात्रीच्या छावणीतली खोकणारी माणसं माझी. तलवार म्हणजे खरं तर बागेतली जुनी कात्री. चिखलातून चालणारी पलटण म्हणजे मी आणि टबात भिजवलेले टॉवेल. हसू नका, लोकांना ऐकताना रडू यायचं.

नव्या खेळात एक नवीन गोष्ट येणार होती. शत्रू तर असतोच, आता निसर्गही उलटणार होता. नदी उतरताना पूर येणार, खिंडीत बर्फाचा कडा सुटणार, छावणीत साथ शिरणार, धरणीकंपात तटबंदी माणसांसकट गडप होणार. आठवडाभर पोसलेली फौज पापणी लवायच्या आत नाहीशी. हा सगळा भाग ज्याच्याकडे होता तो माझा मेहुणा.

बायकोचा धाकटा भाऊ. घरी त्याला धाकटाच म्हणायचे, ऑफिसात त्याचं नाव पडलं होतं आपत्तीमंत्री. दोन ठिकाणी भांडून नोकरी सोडलेली. बायको मागे लागली म्हणून मी त्याच्यासाठी शब्द टाकला. वर्षाच्या आत तो माझ्या डोक्यावर जाऊन बसला. हुशार होता, नाही कशाला म्हणू? पण जिभेला हाड नव्हतं, आणि मनात एक थंडपणा होता. समोरचा दुखावला की त्याला जरा बरं वाटायचं.

आमचं फाटलं ते खुणांवरून. सुरुवातीला असं ठरलं होतं की आपत्ती यायच्या आधी खेळणाऱ्याला खूण मिळायची. चित्रात नाही, आवाजात. पूर यायचा असेल तर आधी नदीकाठचे बेडूक एकदम गप्प व्हायचे. मग वरच्या अंगाला, दूर कुठेतरी, कुणी जातं ओढतंय अशी घरघर. मग घोडी पाण्याशी अडायची. ज्याचे कान जागे तो फौज मागे घेईल, ज्याचे झोपलेले तो गमावेल. मी त्या खुणांवर महिनोन्महिने जीव ओतला होता. धाकट्यानं एका सकाळी त्या सगळ्या काढून टाकल्या.

मी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये विषय काढला. कंपनी त्यांची. धाकटा समोरच बसला होता, खुर्ची मागे झुकवून.

"दाजी, पूर काय पत्रिका पाठवून येतो?" तो म्हणाला.

"बेडूक गप्प होतात. जनावर अडतं. ज्याला कळतं त्याला कळतं."

"ज्याला कळतं तो वाचला तर मग गंमत काय राहिली?"

"अरे, मग हा खेळ कसला? ही कत्तल झाली."

"फौज मरायलाच असते." तो हसला. "तुम्ही फक्त ती नीट मरते आहे असं ऐकवा. परवाचं ते काय पाठवलंत? बुडणारी माणसं अशी ओरडतात? वरात निघाल्यासारखं वाटतंय."

मोठ्या बाई म्हणाल्या, नियम त्याचा विभाग आहे, आवाज तुमचा, आपापलं बघा. संपला विषय.

त्याची एक सवय मला बघवायची नाही. दुपारी तो आपल्या जागेवर बसून फौज नदीच्या उतारावर आणायचा. बारीक बारीक माणसं, भाले खांद्यावर, ओळीनं पाण्यात शिरायची. सगळी मधोमध आली की तो पूर सोडायचा. पाहायचा. "बुडाले," म्हणायचा आणि बिस्किट खायचा. मग तीच फौज पुन्हा उभी करायचा, पुन्हा त्याच नदीवर आणायचा. तपासणी असते ती, मान्य. पण तपासणी एकदा होते, दोनदा होते. तो रोज करायचा, आणि दर वेळी चेहरा पडद्याच्या जवळ न्यायचा.

त्या वरातीच्या टोमण्यानंतर मी नव्यानं ध्वनिमुद्रण केलं. डझनभर नट बोलावले, त्यात एक जाड आवाजाचे म्हातारे रंगभूमीवाले होते. पाण्यानं भरलेल्या टबात तोंड घालून ओरडायला लावलं. एकेकाचा आवाज वेगळा घेतला, मग एकावर एक चढवत त्या बारा जणांचे हजार केले. असंच करतात. गर्दी नावाची वस्तू नसतेच. तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा.

तर त्या सुट्टीच्या दिवशी गाद्या बसवल्या, आणि नीट बसल्यात का पाहायला समोर जे होतं ते चालवलं. पुराचा प्रसंग होता. हेडफोन कानावर, मागे दार बंद. सगळे आवाज एकत्र बसवायची आमची मिश्रणाची खोली इमारतीच्या पोटात, चारी भिंतींना जाड फोम. तिथे स्वतःच्या नाडीचा ठोका ऐकू येतो. बाहेर दुपार होती, पण त्या खोलीला दुपार-बिपार काही नसतं.

पाणी आलं. माणसं ओरडली. घोडी किंचाळली. सगळं माझंच, मला पाठ असलेलं. आणि त्या आकांताच्या मधोमध एक माणूस साध्या आवाजात बोलला,

"वर कोण आहे?"

ओरडला नाही, ते लक्षात घ्या. आजूबाजूला हजार माणसं जिवाच्या आकांतानं बोंबलत होती आणि तो एकटा शांत होता. जिन्याच्या पायथ्याशी आलेला माणूस खालून हाक मारतो ना, कोणी आहे का वर, तसा.

मला वाटलं, म्हाताऱ्या नटानं मध्येच काही बरळून ठेवलं असेल. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. होता. पडद्यावर प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी असते, म्हाताऱ्यांची बंद केली. तरी होता. मग एकेक नट बंद करत गेलो. पाण्याचा आवाज बंद केला, घोडी बंद केली. आरडाओरडा विरळ होत होत पार संपला, पडद्यावरच्या सगळ्या पट्ट्या झोपल्या. कानात निव्वळ शांतता.

"वर कोण आहे?"

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. खोलीत वास येत होता. आधी वाटलं, कुठे पाइप गळतोय. पण तो नळाच्या पाण्याचा वास नव्हता. गढूळ पाणी, भिजलेलं चामडं, आणि त्याखाली घोड्याच्या अंगाचा उग्र दर्प. मी भिंतींच्या फोमवर हात फिरवून पाहिला. कोरडा ठणठणीत.

जेवायच्या आत घरी पोचलो. बायकोनं विचारलं, "काय झालं? चेहरा असा का?" मी म्हटलं, ऊन.

दुसऱ्या दिवशी धाकट्याला खाली बोलावलं आणि हेडफोन त्याच्या हातात दिला. काही सांगितलं नाही, नुसतं ऐकवलं. सगळ्या पट्ट्या बंद ठेवून. तो ऐकत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. पहिल्यांदा ओठ हलले, मग रंग उतरला. मला कळलं की हे तो पहिल्यांदा ऐकत नाहीये.

"तू आधी ऐकलंयस हे."

त्यानं हेडफोन आपटला. "तुम्हीच घुसवलंय ते. माझ्या मशीनवर पण तुम्हीच टाकलंत. आवाज पूर्ण बंद असताना येतो! खुणा काढल्या म्हणून सूड घेताय?"

"मी कशाला—"

"मला सगळं कळतं. तुमच्या डोळ्यांत खुपतो मी पहिल्यापासून. पण मला घाबरवायला तुमच्यासारखे छप्पन्न लागतील, दाजी."

संध्याकाळी तो आमच्याकडे जेवायला होता. आठवड्यातून एकदा यायचाच. बायकोनं दोघांना समोरासमोर वाढलं. कुणी कुणाशी बोलेना.

"जेवताना तरी तोंडं सरळ ठेवा," ती म्हणाली. "आणि धाकट्या, तू जेवत का नाहीयेस?"

तो मान वर करून छताकडे पाहत होता. मग हळूच म्हणाला, "ताई, तुझ्याकडे नळ चालू राहिलाय का कुठे?"

"नाही रे."

"पाणी वाहतंय."

बायको उठून सगळे नळ बघून आली. सगळे बंद. तिनं त्याच्या पेल्यात पाणी ओतलं तेव्हा तो एवढा दचकला की खुर्ची मागे कलंडली. "नको! पाणी नको!" मग माझ्याकडे बघून, दात आवळून, "झालं समाधान?" आणि न जेवता निघून गेला. बायको माझ्यावर रागावली. "तुम्ही काहीतरी केलंयत त्याला."

त्यानंतर तो ऑफिसात कुणाशी नीट बोलेना. फौज मात्र रोज बुडवत राहिला. आता तर दुपारची वाटही पाहायचा नाही. मी एकदा त्याच्या मागून गेलो तेव्हा पुटपुटत होता, "या, या ना, विचारा आता, विचारा," आणि बटण दाबत होता. त्यानं बर्फाचा कडा सोडला, साथ सोडली, भुईला भेग पाडली. पडद्यावर तीच माणसं उठत होती, रांग धरत होती, पडत होती.

शेवटी मोठ्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावून फैलावर घेतलं. खेळ दाखवायचा दिवस जवळ आला होता आणि पुराचा आवाज अजून पास नव्हता. प्रत्येक वेळी धाकटा तो परत पाठवायचा.

"यांच्याकडून होणार नाही," तो म्हणाला. "मीच ओरडतो. बुडणारा सरदार मी करतो. मशीन माझं, माइक माझा. यांनी फक्त काचेपलीकडे बसायचं, कशाला हात लावायचा नाही."

"लावणार नाही," मी म्हटलं.

तशी भर दुपारची वेळ. वर सगळा स्टाफ होता, जिन्यावर लोकांची ये-जा होती. आम्ही खाली गेलो. ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे एक बंद डबा समजा. आत माइक, एक खुर्ची, जमिनीला जाड गालिचा. दार आतल्या बाजूला उघडणारं, वीतभर जाड, कडेला रबर. लावलं की आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. मध्ये दुहेरी काच. अलीकडे मी, पलीकडे तो. मी बोलायचं तर बटण दाबायचं. तो बोललेलं मला हेडफोनमध्ये.

त्यानं दार लावून घेतलं. घसा खाकरला. काचेतून माझ्याकडे बघून हसला, ते त्याचं नेहमीचं हसू. मग मान मागे टाकून ओरडला. मी त्याचा शत्रू होतो म्हणा हवं तर, पण सांगतो, माणूस असा ओरडलेला मी ऐकला नव्हता. खरोखर नाकातोंडात पाणी गेल्यासारखा.

दुसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं आणि वीज गेली.

सगळं काळं झालं. यंत्राला बॅटरी होती म्हणून तिथला एक हिरवा ठिपका तेवढा जळत राहिला. बाकी डोळ्यांसमोर धरलेला हात दिसेना.

"दाजी…" हेडफोनमध्ये त्याचा आवाज. "हे तुम्ही केलंत?"

मी बटण दाबलं. "वीज गेलीय. दार उघड आणि बाहेर ये."

"येतो." कपड्यांची सळसळ. मग थांबला. "इथे… ओलं आहे खाली."

"बाहेर ये."

"गालिचा नाहीये. दगड आहेत."

मी खुर्चीवरून उठलो. हेडफोनची वायर ताणली गेली, पण तो काढायचं सुचलं नाही. वास आला. चामडं, गाळ, घोडी. या खेपेला माझ्या खोलीत नाही, वायरीतून आल्यासारखा, कानांतून नाकात.

आणि मग त्याच्या अगदी जवळ, माइकच्या तोंडाशी, तो शांत आवाज.

"वर कोण आहे?"

धाकट्याचा श्वास ऐकू येत होता. हळूहळू मला कळलं की तो श्वास एकट्याचा नाही. मी आयुष्यभर गर्दी बनवली आहे. एक माणूस श्वास घेतो तो आवाज वेगळा, आणि हजारो माणसं अंधारात, कमरेएवढ्या पाण्यात, मुकाट्यानं उभी असतात तो वेगळा. तो बनवता येत नाही. मी कधी बनवलेला नव्हता.

"तूच का?" तो आवाज म्हणाला.

"नाही…"

"खूण का नाही दिलीस? आम्ही थांबलो असतो. दर वेळी थांबलो असतो."

"मी नाही…" धाकटा कुजबुजला. त्याचे दात वाजत होते. "मी फक्त नियम लिहितो. खुणा… खुणा आवाजाच्या असतात. आवाज माझा विभाग नाही."

"कुणाचा?"

मी बटण दाबून धरलं होतं.

"दाजींचा," तो म्हणाला. "तेच देतात आवाज. तुम्हाला… सगळ्यांना. त्यांनीच दिली नाही खूण. ते आहेत ना तिथे, काचेमागे… त्यांना विचारा."

त्या माणसानं माझं ते घरचं नाव उच्चारलं. "दाजी." सावकाश, पाठ करून ठेवावं तसं. मागे अंधारात कुणीतरी ते पुढच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. दाजी… दाजी… दाजी… ओळीच्या शेवटापर्यंत ते लांब लांब जात राहिलं. ती ओळ किती मोठी होती ते मला सांगता येणार नाही. ते नाव ऐकू येईनासं झालं तेव्हाही ते थांबलं नव्हतं, फक्त माझ्या कानांच्या पलीकडे गेलं होतं.

"आणि तू," तो आवाज धाकट्याला म्हणाला, "चल आता. रांगेत ये."

वरच्या अंगाला, दूर, जातं ओढल्यासारखी घरघर सुरू झाली.

मी हेडफोन फेकला आणि चाचपडत दाराशी गेलो. ढकललं. हललं नाही. खांदा लावला. दार एका बोटानं उघडेल असं होतं, रोज उघडायचो मी, पण आतून काहीतरी सबंध खोलीच्या वजनानं त्याला टेकलं होतं. फटीला गाल लावला तर रबर बर्फासारखं गार. "धाकट्या! दार उघड! बाहेर ये!" मी ओरडत राहिलो. आतून काही येणं शक्यच नव्हतं, दारच तसलं. पण तळव्यांना दार थरथरताना जाणवत होतं, पूल पाण्याच्या लोंढ्यात थरथरतो तसं.

मग थरथर थांबली. वीज आली. दार आपोआप आत गेलं आणि मी तोंडावर पडता पडता वाचलो.

गालिचा कोरडा होता. खुर्ची जागच्या जागी, माइक जागच्या जागी. धाकटा कोपऱ्यात उताणा पडला होता, डोळे उघडे. मी त्याला कुशीवर वळवलं तेव्हा त्याच्या तोंडातून पाणी आलं. गढूळ, भरपूर. येतच राहिलं.

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत असेल, बोभाटा झालाच. फुप्फुसांत नदीचा गाळ निघाला. पोलिसांनी मला बसवून ठेवलं, कारण खाली आम्ही दोघंच होतो आणि आमचं पटत नव्हतं हे सगळ्या ऑफिसला ठाऊक. यंत्रात काय नोंदलं गेलंय ते त्यांनी माझ्यासमोर वाजवलं. त्याचा पहिला ओरडा होता. त्यानंतर काहीच नाही, फक्त माझा आवाज, "बाहेर ये, बाहेर ये." मी बटण दाबून बोललेलं तेवढं. कोरड्या खोलीत माणूस बुडवता येत नाही, म्हणून शेवटी सोडलं मला. सोडलं म्हणजे काय, सिद्ध झालं नाही इतकंच. सासूबाईंनी दार बंद केलं ते कायमचं. "कुठे बुडवलंत माझ्या पोराला?" एवढंच एकदा विचारलं, आणि दाराची कडी लावली. ऑफिसात मी जिन्यानं उतरू लागलो की लोक बोलायचे थांबायचे. राजीनामा देण्याआधी मी एक केलं, सगळ्या खुणा परत घातल्या. बेडूक, घरघर, घोडी. कुणाला विचारलं नाही, कुणी अडवलंही नाही.

बायको माझ्याबरोबर राहिली. का, ते मला नीट कळलेलं नाही. ओळख पटवायला इस्पितळात ती आणि मीच गेलो होतो. तिनं चेहऱ्यावरची चादर बाजूला केली, पाहिलं, मान हलवली. रडली नाही. डॉक्टर चादर नीट करत होते, ती आखूड पडली आणि पाय उघडे राहिले.

"हे काय काम करायचे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कॉम्प्युटरवर. बसून," मी म्हटलं.

"मग एवढे चालायचे कुठे?"

एका मजल्यालाही लिफ्ट शोधणारा माणूस तो. त्याच्या तळव्यांची कातडी जोड्याच्या तळासारखी जाड झाली होती. टाचांना खोल भेगा, भेगांत जुना चिखल वाळून दगड झालेला. बोटांची नखं झिजून गेलेली, एक मुळातच नव्हतं, आणि ती जखम कधीच भरून आलेली. वर्षानुवर्षं, अनवाणी, ओझं घेऊन चाललेल्या माणसाचे पाय. आणि वीज जाऊन येईपर्यंत वेळ तरी असा कितीसा गेला होता?

बायकोनं ते पाय पाहिले. "चेहरा त्याचा आहे," एवढंच म्हणाली.

आता आम्ही इथे राहतो, उंचावर. जवळपास नदी नाही, ओढा नाही. मी दुकानात बसतो, चार पावलंही चालावी लागत नाहीत. त्या दुपारी काय काय ऐकलं ते मी बायकोला सांगितलं. फक्त धाकट्यानं माझं नाव घेतलं ते नाही सांगितलं. मेलेल्या भावाबद्दल कशाला? ते मी आज पहिल्यांदा तुमच्यासमोर बोलतोय.

तरी ती रोज सकाळी, उठायच्या आधी, पांघरुणाखालून हात नेते आणि माझ्या तळव्यांवरून फिरवते. ती काही बोलत नाही, मी विचारत नाही. हात फिरवते, उठते, चहा ठेवते. वर्षं झाली, असंच चाललंय.

परवा तिचा हात टाचेवर थांबला. अंगठ्यानं तिनं तिथे दाबून पाहिलं, एकदा, दोनदा. मी डोळे मिटून पडून होतो.

"अहो," ती हलक्या आवाजात म्हणाली, "रात्री कुठे जाऊन आलात?"